आधी कोण उठतं

दादाचा दिवस पावणेचारला सुरू व्हायचा. कापड रंगवायच्या कारखान्यात तो बॉयलरवर होता. सहाला पहिली पाळी यायची, तोवर वाफ तयार हवी. घाईने तापवलं तर नळ्यांचे सांधे सुटतात, म्हणून सगळं हळूहळू. मी तिथेच फिटर. सुटलेले सांधे बसवणं माझं काम. बत्तीस वर्षांत दादाच्या घाईपायी मला एकदाही पाना उचलावा लागला नाही. हे कबूल करताना आजही जीभ जड होते.

वाफ चढेपर्यंत तो लायब्ररीतली पुस्तकं वाचायचा. कुठल्या कुठल्या देशांचा इतिहास. समाज बदलतो तो कशाने, एवढाच त्याचा ध्यास. राजे आणि लढायांची पानं तो सरळ उलटायचा. प्रत्येक समाजाला त्याचा एकच प्रश्न: इथे पहाटे सगळ्यांच्या आधी कोण उठतं? कुठे भट्टीवाला, कुठे घंटा वाजवणारा, कुठे गुलाम. हा आधी उठणारा बदलला, की समजायचं, खाली काहीतरी हललंय. अकरा वर्षांत नऊ वह्या भरल्या.

घाम मीही तेवढाच गाळत होतो. पण आई पाहुण्यांना सांगायची, "थोरला विचार करतो." मग माझ्याकडे बघून, "हा दणकट आहे हो."

एका रविवारी कॉलेजातले एक प्राध्यापक घरी आले. वह्या चाळून म्हणाले, "हे छापायला हवं." आईचा चेहरा असा खुलला, की माझा तिळपापड झाला.

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आली. मी सर्वांदेखत विचारलं, "वहिनी, दादाचा डबा कोण करतं?"

"कोण करणार? शेजारीण?"

"मग तुम्ही उठता कितीला?"

"सव्वातीनला. का हो भाऊजी, आज माझी हजेरी घेताय?"

मी दादाकडे वळलो. "नऊ वह्यांत एक तरी बाई उठलीय का रे?"

दादाने वही मिटली. प्राध्यापक कपात बघत बसले.

"नाही," तो म्हणाला. "माझ्याच घरात उठत होती, आणि मी लिहिलं नाही."

मला वाटलं, जिरवली एकदाची.

दुसऱ्या दिवशी त्याने कोरी वही आणली आणि पहिल्या पुस्तकापासून पुन्हा सुरुवात केली. सात वर्षं लागली. मी एक वाक्य टाकून मोकळा झालो होतो. त्यावर तो सात वर्षं राबला. कष्ट कशाला म्हणतात ते मला कळतं, म्हणूनच जास्त जळलो.

निवृत्त होताना हातात आलेल्या सगळ्या पैशांतून त्याने ते पुस्तक छापलं. पहिलं प्रकरण वहिनीवर. शेवटच्या पानावर माझ्याबद्दल एक ओळ: "चूक धाकट्या भावाने दाखवली."

एकच ओळ. मी मोजून पाहिलंय, वहिनीला अठरा पानं आहेत.