पिनकोडचा नियम माझा होता

आमच्या कंपनीत आजही एक वाक्य चालतं: ‘चाकण एका मॅडमनी घालवलं.’ ज्यांनी त्या मॅडमना कधी पाहिलं नाही, तेही बोलतात. हे खोटं आहे. चाकण मी घालवलं.

आम्ही भोसरीत मशीनला लागणारं कटिंग ऑइल आणि कूलंट विकायचो. कोणती पार्टी, म्हणजे कोणतं गिऱ्हाईक, कुणाची, हे भांडूनच ठरायचं. ज्याने आधी जाऊन चहा प्यायला, त्याची पार्टी. मग ऑफिसात सॉफ्टवेअर आलं. मी विक्रीचा प्रमुख. मालक म्हणाले, एकदाचे नियम घालून टाका. मी एका दुपारात एकच नियम घातला: बिलावरचा पिनकोड ज्या एरियातला, पार्टी त्या एरियाच्या माणसाची. एका ओळीत काम झालं. मला फार अभिमान वाटला.

ज्याने हा पट्टा पाहिलाय त्याला चूक लगेच कळेल. भोसरीच्या गाळ्यात धंदा सुरू केलेला माणूस मोठा झाला की मोशी ओलांडून चाकणला शेड टाकतो, मशीन तिकडे नेतो. पण भोसरीचा गाळा सोडत नाही. तो लाभलेला असतो. बोर्ड तिथेच, देवाचा फोटो तिथेच, आणि बिलही त्याच पत्त्यावर.

चाकणचा एरिया मॅडमकडे होता. फील्डवर बाई म्हणून त्या एकट्याच. आमच्याकडे कारखान्यांना गुरुवारी सुट्टी. मशीन दिवसभर बंद राहिलं की टाकीतलं कूलंट वास मारायला लागतं. म्हणून शुक्रवारी सकाळीच मॅडम स्कूटीवरून टाक्या तपासायला शेडमध्ये हजर. सुपरवायझर त्यांना ताई म्हणायचे, ऑर्डरचं त्यांच्याशीच बोलायचे. माझ्या नियमाने त्यांच्या बहुतेक पार्ट्या भोसरीवाल्याच्या नावावर गेल्या.

त्या केबिनमध्ये आल्या. “सर, बिल भोसरीत फाटतं, पण कूलंट चाकणला नासतं. भोसरीचे भाऊ मोशीच्या पुढे कधी येतात का?”

“नियम सगळ्यांना सारखा आहे, मॅडम.”

“सारखा आहे हो. पार्ट्या मात्र माझ्याच गेल्या.”

त्यांचं बरोबर आहे हे मला तेव्हाच कळलं होतं. पण घातलेला नियम लगेच मागे घेतला तर पोरं डोक्यावर बसतील, म्हणून तसाच ठेवला. भोसरीवाला गाळ्यात चहा पिऊन परत यायचा. तिकडे टाक्या सडल्या आणि पार्ट्या दुसऱ्या कंपनीकडे गेल्या. मीटिंगमध्ये मालकांनी विचारलं, “चाकण पडलं कसं?”

मी म्हणालो, “मॅडमना फील्ड झेपलं नाही.”

त्या समोरच बसल्या होत्या. त्यांनी पेनाला टोपण लावलं. काही दिवसांनी नोकरी सोडली. त्यानंतर आमच्याकडे फील्डवर बाई घेतली गेली नाही.

यंदा पुन्हा नवं सॉफ्टवेअर आलं. आता मालकांचा मुलगा कारभार बघतो. त्याचा फोन आला, “काका, नव्या नियमांची मीटिंग आहे, नंतर जेवण. जुने सगळे येतायत. तुम्ही दोन शब्द बोला.” मी आधी मॅडमना फोन लावला, माफी मागायला.

“मला फोनवर नको, सर. मीटिंगमध्ये बोलला होतात ना? मीटिंगमध्येच खोडा.”

मी हे मुलाला सांगितलं. तो म्हणाला, “जाऊ द्या ना काका. तुमचंच नाव खराब होईल.”

“नाव माझं आहे. ते खराब करायचा हक्कही माझाच.”

त्याने बोलणाऱ्यांतून माझं नाव काढलं. मी तरीही गेलो. नवे नियम पडद्यावर दाखवून झाले आणि कुणीतरी विचारलं, “काही शंका?” मी उभा राहिलो. पिनकोड, गाळा, टाक्या, माझं ते वाक्य, सगळं सांगितलं. मशीन जिथे उभं आहे तो पत्ता धरा, हेही सांगितलं.

मागून भोसरीवाला ओरडला. तोही आता पिकलाय. “काय राव साहेब, म्हातारपणी हे काय सुचलं? बसा की खाली!”

“तू मोशीच्या पुढे गेला होतास का, एवढं सांग. लगेच बसतो.”

पोरं हसली. मालकांचा मुलगा घाईने म्हणाला, “चला, जेवण तयार आहे.”

जेवताना माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. मी श्रीखंड दोनदा मागून घेतलं. मग बाहेर येऊन मॅडमना फोन लावला.

“मोठे मालक होते?”

“होते. पहिल्या रांगेत.”

“ऐकलं त्यांनी?”

“ऐकलं.”

“मग ठीक,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. माफ केलं असं म्हणाल्या नाहीत. मीही विचारलं नाही. जे त्या दिवशी तिथे नव्हते, त्यांच्यासाठी हे लिहून ठेवलंय. यापुढे चाकणचं नाव निघालं तर माझं नाव घ्यायचं.