कच्च्या दुधाचे एकोणीस दिवस

"टीबी नाही, कॅन्सर नाही. हे ब्रुसेलोसिस आहे आणि हे बरं होतं," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. मी आधी वहीत तारीख घातली आणि मग त्यांना स्पेलिंग विचारलं. माझी मुलगी केतकी खाटेवर पडल्या पडल्या म्हणाली, "आई, आधी श्वास घे."

ब्रुसेलोसिस हा जनावरांकडून माणसाला होणारा जिवाणूंचा आजार आहे. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, कुणाकडूनही येऊ शकतो. बहुतेक वेळा तो न उकळलेल्या दुधातून पोटात जातो. आमच्या बाबतीत ते बकरीचं दूध होतं आणि ते केतकीला मी माझ्या हाताने पाजलं होतं. हा मजकूर लिहिण्याचं कारण एवढंच.

आम्ही लालबागला राहतो. मी एका शाळेचं ऑफिस सांभाळते. माझे मिस्टर विलास बँकेतून निवृत्त झालेत. केतकी फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला, इंटर्नशिप चालू. दिवसभर उभं राहून दुसऱ्यांचे सांधे हलवायचे, हे तिचं काम.

गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात तिला डेंग्यू झाला. प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, अठ्ठावीस हजारांवर आल्या. मी नेहमीप्रमाणे वही सुरू केली. सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री आठ असा ताप, गोळ्या, लघवी किती वेळा, रिपोर्ट. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ती वही बघून माझं कौतुकही केलं होतं.

मग समोरच्या सावंतकाकू आल्या. पंचाहत्तरीच्या, मूळच्या मालवणच्या, चाळीत कुणाला ठसका लागला तरी काढा घेऊन हजर. "अगो, बकरेचा दूध दी तिका. प्लेटलेट काय, सगळा वर येता. पण उकळू नको हां. उकळलंस की गुण जाता."

ही गोष्ट मी आधीही ऐकली होती. तुम्हीही ऐकली असेल. डेंग्यूच्या दिवसांत आमच्या भागात प्रत्येक दुसरं घर बकरीचं दूध शोधत असतं. विलास त्याच संध्याकाळी घोडपदेवला गेले. तिथे लीलाबाई एका चाळीमागे चार बकऱ्या पाळतात. समोर धार काढून स्टीलच्या डब्यात दूध देतात. डबा घरी येईपर्यंत कोमट असायचा.

तिसऱ्या दिवशी प्लेटलेट्स पंचावन्न हजार झाल्या. पाचव्या दिवशी लाखाच्या वर. सगळ्यांनी दुधाला श्रेय दिलं. मी तर चाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'डेंग्यू झाल्यास काय करावे' असे सात मुद्दे टाकले. सहावा मुद्दा: बकरीचे दूध, न उकळता. चौदा अंगठे आले.

ताप गेला, पण अशक्तपणा होता. म्हणून दूध चालूच ठेवलं. खरं सांगायचं तर केतकीला ते आवडायला लागलं होतं. दाट, किंचित खारट, साय न धरलेलं. "पिशवीच्या दुधाला चवच नाही गं," असं म्हणायची. एकूण एकोणीस दिवस. मग ती कामावर रुजू झाली आणि दूध बंद झालं.

दिवाळीच्या आधी संध्याकाळचा ताप सुरू झाला. सकाळी काही नाही. पाचच्या सुमारास थंडी वाजायची, रात्री घामाने उशी ओली. चार दिवस ताप, तीन दिवस बरं, पुन्हा ताप. कंबर दुखायला लागली. डावा पाय टाकताना ती भिंत धरायची. वजन चार किलोने उतरलं. फराळाची चकली तिने अर्धी खाऊन ठेवली, तेव्हा मी घाबरले.

पहिल्या डॉक्टरांनी व्हायरल म्हटलं. दुसऱ्यांनी टायफॉइडची टेस्ट केली, ती निगेटिव्ह. मग सोनोग्राफी. त्यात प्लीहा, म्हणजे पोटात डाव्या बाजूला असतं ते इंद्रिय, थोडी वाढलेली दिसली. मग एमआरआय. त्यात सॅक्रोइलियाक जॉइंटला, म्हणजे पाठीचा कणा जिथे कमरेच्या हाडाला मिळतो त्या सांध्याला, सूज. रिपोर्टच्या तळाशी लिहिलं होतं, टीबी आहे का ते पाहावे. विलासनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला. केतकीने मात्र एकच प्रश्न विचारला. "आई, मला परत उभं राहून काम करता येईल ना?"

परळच्या हॉस्पिटलमध्ये दाखल केलं. दुसऱ्या दिवशी संसर्गजन्य आजारांच्या डॉक्टर मॅडम राउंडला आल्या. माझी वही त्यांनी पहिल्या पानापासून वाचली. मग प्रश्न सुरू.

"घरात प्राणी?"

"नाही."

"गावी गेला होतात?"

"नाही."

"दूध कुठलं घेता?"

"पिशवीचं," मी म्हटलं.

"आणि बकरीचं," केतकी म्हणाली.

मॅडमचं पेन थांबलं. "उकळून?"

केतकीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "नाही. उकळायचं नसतं ना ते."

"वहीत कुठे दिसलं नाही."

दिसणार कसं? आमच्याकडे दूध वहीत लिहीत नाहीत. स्वयंपाकघरात दाराजवळ कॅलेंडर असतं, त्यावर दुधाची रोजची खूण करतात. माझी आई करायची, सासूबाई करायच्या, मी करते. ताप वहीत, दूध कॅलेंडरवर. दूध म्हणजे औषध नव्हे, घरातली रोजची गोष्ट. म्हणून दोन महिने तीन डॉक्टरांना मी सगळं दाखवलं आणि हेच दाखवलं नाही.

"किती वेळा दिलं?" मॅडमनी विचारलं. मी 'दोन-चारदा' म्हणणार होते. शब्द ओठांवर आला होता. पण मॅडम वाट बघत उभ्या होत्या. मी विलासना फोन केला आणि कॅलेंडरच्या पानाचा फोटो मागवला. प्रत्येक चौकोनात माझ्या अक्षरात 'ब'. एकोणीस 'ब'. मॅडमनी फोटो मोठा करून पहिली आणि शेवटची तारीख टिपून घेतली. "हे फार उपयोगाचं आहे," त्या म्हणाल्या. मला मात्र जमीन दुभंगावी असं वाटत होतं.

त्यांनी लॅबला लगेच फोन केला. ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघण्याची तपासणी, जास्त दिवस ठेवायला सांगितली. हे जंतू सावकाश वाढतात. शिवाय ते लॅबमधल्या माणसांनाही लागू शकतात, म्हणून आधी सांगावं लागतं. दुसरी तपासणी अँटीबॉडीची, म्हणजे शरीराने त्या जंतूंविरुद्ध काय तयार केलंय ते बघायचं. तिचा रिपोर्ट आधी आला. पॉझिटिव्ह. त्या दिवशी त्यांनी उच्चारलेलं पहिलं वाक्य मी वर लिहिलंच आहे.

मी नंतर त्यांना एकटीच भेटले आणि सरळ विचारलं, की दुधाने प्लेटलेट्स वाढल्या होत्या त्याचं काय?

"डेंग्यूमध्ये ताप उतरल्यावर प्लेटलेट्स बहुतेकांच्या आपोआप वाढतात. तुम्ही दूध दिलं नसतं तरी वाढल्या असत्या."

"आणि उकळल्याने गुण जातो?"

"एखाददुसरं जीवनसत्त्व थोडं कमी होतं. प्रथिनं राहतात, कॅल्शियम राहतं. जातात ते जंतू. बकरीचं दूध वाईट नाही हो. प्यायचं तर उकळून प्या."

म्हणजे तराजूच्या एका पारड्यात चव आणि थोडं जीवनसत्त्व, दुसऱ्यात माझ्या मुलीचा सांधा. इतका सोपा हिशोब मी आधी मांडला नाही, कारण सगळे सांगत होते आणि प्लेटलेट्स वाढत होत्या.

उपचार असे होते. सुरुवातीला रोज एक इंजेक्शन, आणि डॉक्सिसायक्लिन व रिफॅम्पिसिन ही दोन प्रतिजैविकं सहा आठवडे. दुसऱ्या गोळीने लघवी नारिंगी होते. आधी माहीत नसेल तर माणूस घाबरतो, म्हणून लिहिलं. पहिली गोळी भरपूर पाण्यासोबत, घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही आणि दुधाबरोबर तर अजिबात नाही. "बघ, आता औषधालासुद्धा दूध चालत नाही," केतकी हसत म्हणाली. बरं वाटलं तरी गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत, नाहीतर आजार उलटतो, हे मॅडमनी तीनदा बजावलं. तुमचे डोस तुमचे डॉक्टर ठरवतील.

दहाव्या दिवशी पहिल्यांदा संध्याकाळी पाचला ताप नव्हता. मी साडेपाचला परत बघितला. सहाला परत. केतकी वैतागली. "थर्मामीटरलाच ताप येईल आता."

ती घरी आल्यावर मी दोन कामं केली. ग्रुपवर सहावा मुद्दा चुकीचा होता असं स्पष्ट लिहिलं. या वेळी अंगठे तीनच आले. सावंतकाकूंना समोर बसवून सांगितलं. त्यांचे डोळे भरले. "माझ्या नातवाकसुद्धा दिल्लंय गो मी." त्याची तपासणी झाली, तो ठणठणीत आहे.

मग घोडपदेवला गेले. लीलाबाईंशी भांडायला नव्हे, त्यांच्या बकऱ्यांची तपासणी व्हावी म्हणून. त्यांना सांगितलं तर त्या ओट्यावर बसूनच राहिल्या.

"या वर्साला दोन बकऱ्या गाभडल्या माझ्या," त्या म्हणाल्या. म्हणजे दिवस भरण्याआधी पिल्लं गेली. हे या आजाराचं लक्षण असू शकतं, हे मला मॅडमकडून कळलं होतं.

"तुम्ही स्वतः कसं पिता दूध?" मी विचारलं.

"आमी? चायमधी. उकळून. कच्चं कोन पितं बाई? तुमी शिकलेली मानसंच येता आनि सांगता, उकळू नका, आमाला ताजं पायजे."

आम्ही दोघी मिळून सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी बकऱ्यांचं रक्त घ्यायला यायचं कबूल केलं आणि लीलाबाईंनाही स्वतःचं रक्त तपासायला सांगितलं, कारण पिल्लं काढताना हात त्यांचेच असतात. त्यांचा रिपोर्ट चांगला आला. एक बकरी बाजूला काढावी लागली. तिचं नाव राणी होतं.

नातेवाइकांना मात्र मी अजून 'डेंग्यूनंतरचा ताप' एवढंच सांगत होते. फोनवर दुधाचा विषय आला की दुसरंच काही बोलायचे.

सहा आठवडे संपल्यावर आम्ही पुन्हा ओपीडीत गेलो. मॅडमनी कमरेचा सांधा दाबून बघितला, मग म्हणाल्या, "एका पायावर उभी राहा. आता दुसऱ्या." केतकी उभी राहिली. भिंत न धरता. "गोळ्या बंद. तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी रक्त तपासू. सोमवारपासून कामावर जा, पण पेशंट उचलू नकोस अजून."

बाहेर बाकावर एक बाई बसल्या होत्या, सुनेचा डेंग्यूचा रिपोर्ट हातात धरून. "काय झालेलं हो तुमच्या पोरीला?" त्यांनी सहज विचारलं.

"मी तिला बकरीचं कच्चं दूध पाजलं," मी म्हटलं. "एकोणीस दिवस. त्यातून जंतू गेले."

"अगं बाई! आमचे दीर उद्याच आणणारेत. न उकळता द्या म्हणालेत."

"उकळा. आणि प्लेटलेट्सचं आत डॉक्टरांना विचारा, नंबर लागला की."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्ही स्वतःच पाजलंत?"

"हो. मीच."

त्यांनी पिशवीतून मोबाइल काढला. "हॅलो, भावोजी, ते बकरीचं दूध... नाही, नाही, ऐका तर आधी. इथे एक बाई बसल्यात..."

केतकी जिन्यापर्यंत पोचली होती आणि दोन-दोन पायऱ्या उतरत होती. मी तिला 'हळू जा' म्हटलं नाही.