दगाजी आप्पांच्या उसातला बिबट्या

गेल्या हिवाळ्यात माझ्या घोरण्यासाठी वनखात्याने पिंजरा लावला.

पिंजरा चांगला दणकट होता. आत एक बोकडही बांधला होता. (मी शाकाहारी आहे, हे त्या बोकडाला कोणी सांगितलं नाही.)

त्याचं असं झालं. मी म्हसावदच्या हायस्कुलात कारकून. वजन एकशे अठरा किलो. खुर्चीत बसलो की डोळा लागायचा. हजेरीपट लिहिता लिहिता एकदा असा पेंगलो की सातवी ‘ब’च्या निम्म्या पोरांपुढे एकच लांबलचक शाईची रेघ! शेवटी बायकोने, म्हणजे मंगलाने, नंदुरबारच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासण्या केल्या आणि म्हणाले, “झोपेत तुमचा श्वास बंद पडतो. झोपताना तोंडाला यंत्र लावा, वजन उतरवा आणि मोबाइलवरच्या आमच्या कार्यक्रमात नाव घाला.”

यंत्र घरी आलं आणि कपाटावर जाऊन बसलं. कार्यक्रम मात्र पाठ सोडेना. मोबाइल पावलं मोजायचा, जेवणाच्या ताटाचा फोटो मागायचा आणि रोज सकाळी मानसीताई नावाच्या मुलीचा फोन यायचा. आवाज असा गोड की खोटं बोलताना जीव तुटायचा. (तरी बोलायचो.)

“काका, काल फक्त तीनशे पावलं?”

“ताई, मोबाइल खिशात नव्हता.”

“मग कुठे होता?”

“माझ्यासोबत... खाटेवर.”

एक दिवस ताईंनी मंगलाला सांगितलं, “काकू, काका झोपले की त्यांच्या घोरण्याचं रेकॉर्डिंग करून मला पाठवा.”

त्या रविवारी जेवणात भरीत आणि कळण्याची भाकरी होती. ताईंना दुसऱ्याच ताटाचा फोटो पाठवून मी चार भाकऱ्या संपवल्या आणि आडवा झालो. मंगलाने इमानेइतबारे दोन मिनिटं रेकॉर्डिंग केलं, पाठवून दिलं, मोबाइल चार्जिंगला लावला आणि पापड लाटायला शेजारी निघून गेली.

मी उठलो तर गावच्या शेतकऱ्यांच्या ग्रुपवर त्र्याहत्तर मेसेज! सगळ्यात वर एक आवाज होता, कुठून कुठून फिरत आलेला. खाली लिहिलं होतं, ‘सावधान! शिवारात बिबट्या!’

मी तो ऐकला. आधी खोल गुरगुर. मग ती चढत चढत गेली. मग एकदम चिडीचूप. आणि अचानक असा फुत्कार की माझ्या हातातून मोबाइल पडला! स्वतःचं घोरणं माणसाने कधी ऐकलेलं असतं का? माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मी दार लावलं, खिडकी लावली आणि ग्रुपवर लिहिलं, ‘हा बिबट्याच. मी लहानपणी सातपुड्यात हा आवाज जवळून ऐकला आहे. मध्ये तो थांबतो ना, तेव्हा दबा धरतो.’

लहानपणी मी सातपुड्यात फक्त लग्नाला गेलो होतो. पण लोकांनी माझ्या नावापुढे हात जोडलेली चित्रं टाकली आणि मी फुगलो. (आणखी!)

लगेच शेजारचे दगाजी आप्पा दारात हजर.

“बापू, तुन्ही खिडकीना मांगेच मन्हा ऊस शे! आवाज तठूनच ऊना व्हई!”

“आप्पा, तिकडे फिरकूही नका,” मी दाराच्या फटीतून म्हणालो.

संध्याकाळी मंगला आली. तिने मोबाइल पाहिला, कपाळावर हात मारला आणि मटकन खाली बसली.

“काय झालं?”

“तो बिबट्या नही शे,” ती म्हणाली. “तुम्ही शेतस! मी मॅडमले धाडाले गई, ते बचत गटमा चालनं गयं!”

बचत गटातून नवऱ्यांकडे आणि नवऱ्यांकडून शिवारभर! त्याच वेळी मी उठून खरं सांगायला हवं होतं. पण सातपुड्यातला जाणकार म्हणून गाव मला फोन करत होतं. शिवाय दुसऱ्या दिवशी ताईंचा फोन आला.

“काका, आज एकशे बारा पावलं?”

“ताई, गावात बिबट्या आलाय.”

“अरे बापरे! घराबाहेर पडू नका हं काका!”

एवढं गोड वाक्य मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

तीन दिवस मी शाळेत रजा टाकून ते चघळत बसलो. तिकडे ऊसतोड बंद पडली. तोडीला आलेली पावरा कुटुंबं आपल्या पाचटाच्या कोप्यांभोवती, त्या एवढ्याशा झोपड्यांभोवती, काट्यांचं कुंपण घालून बसली. बुधवारी मी खिडकी थोडी उघडली, तर समोर एक बाई तान्ह्या मुलाला पोटाशी बांधून पाण्याला निघालेली. हातात कोयता. दर चार पावलांवर ती थांबायची आणि उसाकडे बघायची. ती माझ्या घोरण्याला भीत होती. मंगला मागे उभी होती.  मी खिडकी लावायला गेलो, तर तिने ती धरून ठेवली.

मी ठरवलं, आज सांगायचंच.

तेवढ्यात वनरक्षक पावरादादा आप्पांना घेऊन अंगणात आले. मागोमाग आप्पांच्या घरच्या बायका आणि तोडीवाले चारपाच जण, त्यांत ती कोयतेवाली बाईही. पिंजरा आदल्याच दिवशी लागला होता, आता त्यांना जाणकाराचा जबाब हवा होता.

“काका, आवाज सुरुवातीपासून कसा कसा होता, नीट आठवून सांगा,” दादांनी वही उघडली.

“दादा, त्याचं असं आहे,” मी खुर्चीत बसत म्हणालो, “मला तुम्हाला एक खरी गोष्ट...”

कोवळं ऊन होतं. नाश्त्याला पोहे दोनदा झाले होते. खुर्ची पाठीला बरोबर लागली होती...

जाग आली तेव्हा सगळं अंगण माझ्या खुर्चीभोवती गोळा झालं होतं. पावरादादा माझ्या नाकाशी मोबाइल धरून उभे होते. त्यातून बिबट्या गुरगुरत होता. दादा एकदा मोबाइलकडे बघत, एकदा माझ्याकडे. वहीत त्यांनी एकच शब्द लिहिला होता : ‘जुळतो.’

“अरे बापू!” आप्पा ओरडले. “मन्हा ऊस तीन दिनथीन उभा शे, आन् बिबट्या आठे खुर्चीवर बठेल शे!”

मग जे हसू फुटलं! ती कोयतेवाली बाई तर हसता हसता खालीच बसली. मी हात जोडून तिची माफी मागितली, आप्पांची मागितली, दादांची मागितली. बोकडाला सोडायला स्वतः गेलो, तर त्याने मला ढुशी दिली.

दादा मात्र हसले नाहीत. “काका, मला पहिल्यापासून शंका होती,” ते म्हणाले. “जनावराचा श्वास असा मध्येच तुटत नाही. हे बरं लक्षण नाही.”

तेव्हा मंगला सगळ्यांदेखत बोलली. “यासना श्वास थांबस ना, तवय मी मोजस. एक, दोन, तीन... वीस लोंग मोजं का माले रडू येस. मंग हलावस यासले.”

  मी मजेत झोपत होतो आणि ही रोज रात्री आकडे मोजत होती! त्याच दिवशी यंत्र कपाटावरून खाली आलं.

मंगलाचं बोलणं संपतं न संपतं तोच आप्पांच्या बायकोने पदर सावरला होता. “आमनाबी असाच वाजस,” ती म्हणाली. आप्पा पिंजऱ्याकडे बघायला लागले. मग दुसरी म्हणाली, तिसरी म्हणाली. आठवडाभरात गावातले अकरा नवरे मानसीताईंच्या कार्यक्रमात दाखल झाले आणि मला त्या गटाचा प्रमुख नेमलं गेलं.

आता मंगला मोजत नाही, गाढ झोपते. आप्पांचं वजन नऊ किलोंनी उतरलं, बाकीच्यांचंही पाच-सहा किलोंनी. सगळ्यात कमी, सव्वा किलो, माझं उतरलं. पण ‘चालण्याचे फायदे’ यावर दर रविवारी गटापुढे भाषण मीच करतो.

बसून.