तिसऱ्या रविवारच्या आत कॅमेरा

फोटोग्राफीच्या क्लासला नाव घालून मी वर्षभर थांबले होते. घाटकोपरला एका जुन्या इमारतीच्या पोटमाळ्यावर सरांची डार्करूम आहे. तिच्यात सहा माणसं मावतात, सातवं मावत नाही. एक जण गळला म्हणून माझा नंबर लागला. पहिल्याच दिवशी सरांनी सांगून टाकलं, तिसऱ्या रविवारपर्यंत प्रत्येकाकडे स्वतःचा फिल्म कॅमेरा हवा, आणि तोही पूर्ण हाताने चालणारा. बॅटरी काढून टाकली तरी शटर पडलं पाहिजे. ज्याच्याकडे नसेल त्याची जागा रांगेतल्या पुढच्याला मिळेल. मला बेचाळिसावं वर्ष चालू होतं. दिवसभर अंधेरीच्या ऑफिसात बिलं तपासून डोळ्यांची वाट लागलेली. फक्त माझ्यासाठी म्हणून आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मिळालं होतं, ते मला घालवायचं नव्हतं.

"स्वस्तातला घ्या, उगाच पैसे उडवू नका," असंही सर म्हणाले होते. बोलायला काय जातं? असले कॅमेरे आता नवीन मिळतच नाहीत, आणि जुना विकणाऱ्याला त्यातलं काही कळत नाही किंवा नको इतकं कळतं. आमचा क्लासचा व्हॉट्सअॅप ग्रुप तर वेगळाच वैताग. मी एखाद्या कॅमेऱ्याचा फोटो टाकला की एक म्हणे झकास आहे, घेऊन टाक. दुसरी म्हणे, चुकूनही घेऊ नकोस. ज्याच्याकडे स्वतःचा कॅमेरा अजून आलेला नव्हता, तो सगळ्यात लांबलचक सल्ले द्यायचा.

आणि त्यात बाबा. बाबा मिलमध्ये फिटर होते. मिल बंद पडल्यावर विक्रोळीला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून उभे राहिले, तेव्हापासून आम्ही विक्रोळीचेच. आता निवृत्त, म्हणजे दिवसभर घरात, आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीत. जुनं मशीन घ्यायचं तर फिटर बरोबर हवाच, असं त्यांनी स्वतःच ठरवलं आणि चपला घालून दारात उभे राहिले.

पहिला कॅमेरा अंधेरीला एका तरुणाकडे बघितला. मी गोड बोलून भाव जरा खाली आणत होते, तेवढ्यात बाबांनी कॅमेरा कानाला लावला आणि सात-आठ वेळा शटर दाबून जाहीर केलं, "ह्येचो आवाज बरोबर नाय. एका सेकंदाक दीड सेकंद घेता." त्या मुलाचं तोंड एवढंसं झालं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मोबाईलवर मोजलं तर खरंच दीड सेकंद. बाबांचा राग यायचा तो याचाच, की ते चारचौघांत आपली शोभा करायचे आणि वर बरोबरही निघायचे.

दुसरा साकीनाक्याला, एका दुरुस्तीवाल्याच्या गाळ्यात. लेन्सच्या आत बुरशीचं पांढरं जाळं पसरलं होतं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, यानेच तर जुना लुक येतो." बाबांनी त्याला विचारलं, मग तुझ्या चष्म्याच्या काचेवर का नाही लावून घेत? तिथून आम्हाला जवळजवळ हाकललंच.

तिसऱ्यासाठी वर्सोव्याहून फेरीबोटीने थेट मढला गेलो. शूटिंगला सामान भाड्याने देणाऱ्या एका माणसाने ऑनलाइन जाहिरात टाकली होती, 'उत्तम स्थितीत'. बाहेरून कॅमेरा खरंच चकचकीत होता. बाबांनी हातात घेऊन नुसता तोलला आणि म्हणाले, "भितर काय्येक नाय ह्येच्या." हिरोला दिवसभर गळ्यात अडकवायला हलका व्हावा म्हणून त्याची आतडीच काढून टाकली होती. मालक शांतपणे म्हणाला, "स्थिती उत्तम आहे असं लिहिलंय, चालतो असं कुठे लिहिलंय?" ऑफिसची अर्धी रजा त्यात गेली. परतताना बाबा बोटीतल्या इंजिनवाल्याशी इंजिनावर गप्पा मारत होते आणि मी समुद्राकडे बघत मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालत होते.

शेवटी मुलुंडच्या एका निवृत्त काकांकडे मिळाला. त्यांनी आधी चहा पाजला आणि मग मुलगी दाखवायला आणल्यासारखी माझी उलटतपासणी घेतली. पावसाळ्यात कुठे ठेवाल? लेन्स कशाने पुसाल? घरात लहान मुलं? मी नम्रपणे सगळी उत्तरं दिली, कारण कॅमेरा खरोखर चांगला होता, आणि भाव माझ्या आवाक्यातला. बाबांनी तो कानाला लावला, डोळे मिटले, आणि पहिल्यांदाच काही बोलले नाहीत. नुसती मान हलवली. दुसऱ्या रविवारी मी तो क्लासला नेऊन मिरवला. सर म्हणाले, पुढच्या वेळी नीट तपासू. त्यानंतर रात्री झोपण्यापूर्वी मी रोज एकदा तरी तो पिशवीतून काढून बघायचे.

मधल्या शुक्रवारी दसरा होता. सकाळी मी फुलं आणि आपट्याची पानं आणायला बाजारात गेले. परत येते तर हॉलमध्ये पाट मांडलेला. पाटावर पान्हे, स्क्रूड्रायव्हर, आईचं शिलाई मशीन, माझा ऑफिसचा लॅपटॉप, आणि मधोमध माझा कॅमेरा. सगळ्यांना हळदकुंकू. कॅमेऱ्याची लेन्स काढून बाजूला ठेवलेली, आणि उघड्या तोंडातून आतल्या आरशावर लाल बोट उमटलेलं.

"बाबा, हे काय केलंत?"

"जंय मशीनचा काम चलता, थंय लावूचा," बाबा अगदी समाधानाने म्हणाले. "भायर लावन काय उपयोग? मिलमध्ये आमच्या खात्यात असाच लावीत."

माझ्या डोळ्यांसमोर तिसरा रविवार आला. मी बाजारची पिशवी टाकली, कॅमेरा उचलला आणि ओढणीच्या टोकाने तो आरसा खसाखसा पुसला. कुंकू पसरलं. अजून जोरात पुसलं. कुंकू बरंचसं गेलं, पण आरसा धुरकट झाला, त्यावर बारीक ओरखडे उठले. लेन्स बसवून डोळा लावून बघितलं तर समोरची खिडकी पुसटली होती. मग माझा ताबा सुटला.

"एक मिल बंद पडली तेवढं पुरलं नाही का तुम्हाला?" मी म्हणाले. "आता माझं पण बंद पाडा."

हे वाक्य कुठून आलं, मला आजही माहीत नाही. मिल बाबांनी बंद पाडली नव्हती. उलट सगळ्यात शेवटपर्यंत जे तिथे थांबले, त्यांच्यात ते होते. बाबा उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "मिल बंद पडल्यापासून ह्येंनी दसऱ्याक पाट मांडलेलो नाय. शिलाई मशीनची पूजा मीच करतंय. ह्येंका पुजूक होता काय? वॉचमनची शिट्टी?" मग ती पुरणाकडे वळली. 

रविवारी मी जागा गेली असंच धरून क्लासला गेले. सरांनी लेन्स काढली, आत टॉर्च मारली, शटर चार-पाच वेळा पाडून बघितलं. मग रिकामा कॅमेरा मागून उघडून मला दाखवला. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो आणि उजेड थेट फिल्मवर पडतो. "हा आरसा फक्त आपल्याला बघायला असतो. फोटोत यातलं काही येत नाही," सर म्हणाले. "बसा तुमच्या जागेवर." सगळं मिळून दोन मिनिटं लागली असतील.

मी सुटकेचा निःश्वास टाकते तोवर त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "कुंकू लावलं होतं का कुणी? त्याचं काही नाही हो, कोरडं असतं, फुंकरीने उडून गेलं असतं. पण हे घासलं कुणी? हे ओरखडे आता जायचे नाहीत."

घरी आले तेव्हा बाबा टीव्ही बघत होते. टीव्हीवरची नजर न काढता त्यांनी विचारलं, "चलता मां?"

"चालतो," मी म्हणाले. "जागा राहिली."

"बरा झाला," ते म्हणाले. पुढचं, ते ओरखडे माझ्या ओढणीचे होते हे, मी सांगायला हवं होतं. आता चहा झाल्यावर सांगू, मग जेवताना सांगू, असं करत तो दिवस गेला, आणि मग क्लास सुरू झाला, फिल्मचे रोल आले, आणि ते राहूनच गेलं.

या वर्षीच्या दसऱ्याला मी आईला पाट मागितला. पान्हे, स्क्रूड्रायव्हर मांडले, शिलाई मशीन ओढून आणलं, कॅमेऱ्याची लेन्स काढून तो मध्ये ठेवला आणि बाबांना हाक मारली. त्यांनी एकेकाला हळदकुंकू लावलं. पान्ह्यांना, मशीनच्या चाकाला. कॅमेऱ्यापाशी बोट आलं आणि थांबलं. त्यांनी बोटावरचं कुंकू पाटाच्या कडेला पुसलं आणि कॅमेऱ्यासमोर फक्त एक झेंडू ठेवला.

"लावा ना बाबा," मी म्हणाले. "काही होत नाही त्याने."

"नको गो," ते म्हणाले. "मागच्या वर्षी माझ्या हातान बिघाडलो तो."

मी समोर बसले होते. आई आरतीचं ताट घेऊन आली आणि आम्ही दोघं उठून उभे राहिलो.