फुटक्या बशांचा सूर्य

"फुटलं ते माझं," असं म्हणून मिस्त्री आपली तरटाची पिशवी पुढं करायचे. गावात कुणाच्या घरी कपबशी फुटली, की त्या घरची बाई हळहळायच्या आत हे दारात हजर असत. एकदा आमच्या हेडमास्तरांच्या हातून पाहुण्यांसमोर चहाचा अख्खा ट्रे सुटला. पाहुणे अवघडले, मास्तर ओशाळले, आणि मिस्त्री गुडघ्यांवर बसून एकेक तुकडा नखानं टिचकी मारून वाजवत बसले. "चांगला माल हाय," ते मास्तरांना म्हणाले, "आनखी न्हाई का?"

ही टिचकी त्यांची जन्माची सवय. हॉटेलात चहा प्यायले की बशी उपडी करायची, नखानं वाजवायची आणि डोळे मिटून ऐकायचं. बशी भट्टीत चांगली भाजलेली असली की चेहरा असा खुलायचा, जणू बशीनं त्यांची खुशाली विचारली. त्यांचा चहा संपेपर्यंत हॉटेलवाला त्यांच्या आसपासच रेंगाळायचा, कारण या माणसाची नजर चांगल्या बशीवरसुद्धा वाईट होती. असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. जगाला जे केरात टाकायचं असतं, ते बघून याची भूक चाळवते.

मी तेव्हा ग्रामसेवक होतो. मिरजगावहून जामखेडकडे जाताना लागणारं एक गाव ही माझी पहिली नेमणूक. वय तेवीस. माझ्या दुप्पट वयाची माणसं मला 'भाऊसाहेब' म्हणायची आणि मीही हळूहळू स्वतःला तसं समजायला लागलो होतो. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षाची ही गोष्ट. गावात वाचनालय बांधायला घेतलं होतं. एकच खोली, पूर्वेला दार. मंजुरी साध्या कोब्याची होती. पण आमच्या सरपंचांनी, ज्यांना सगळं गाव आण्णा म्हणायचं, नगरला कुण्या व्यापाऱ्याच्या बंगल्यात नक्षीची फरशी पाहिली होती. तेव्हापासून कोबा म्हटलं की त्यांचं तोंड कडू व्हायचं. त्यांनी जामखेडहून हे मिस्त्री आणले.

मिस्त्री साठी ओलांडलेले, अंगानं काटकुळे. दाढी वयानं पांढरी की सिमेंटनं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. चष्म्याची एक काडी सुतळीची होती. गच्च्या, हौद, न्हाण्या, कुठं दर्ग्याचा ओटा, कुठं देवळाच्या पायऱ्या, या सगळ्यांवर चिनी मातीचे तुकडे बसवण्यात त्यांची हयात गेली होती. सगळं काम पांढरं. गच्ची तापू नये, हौद स्वच्छ दिसावा, म्हणून लोकांना पांढरंच लागायचं.

"समदी जिंदगी पांढऱ्यात गेली, भाऊसाब," ते मला म्हणाले. "आता येकदा रंगात काम करू द्या. सूर्य काडतो."

आमच्या तालुक्यात आणखी ज्याची टंचाई असेल ती असेल, सूर्याची नव्हती. हे मी त्यांना बोलून दाखवलं. ते हसले आणि म्हणाले की हा सूर्य पायाला भाजणार नाही.

मग आम्ही दोघं घरोघर फिरलो. ते पिशवी घेऊन, मी सरकार म्हणून. चिनी मातीचं भांडं तेव्हा सगळ्यांकडं नव्हतं, पण ज्यांच्याकडं होतं त्यांच्याकडं ते फुटलेलंही होतं. लोणच्याच्या बरण्यांनी तपकिरी रंग दिला. पाटलांच्या एका वाडग्यानं निळा दिला. ज्यांनी आयुष्यात पुस्तक हातात धरलं नव्हतं, ते रस्त्यात अडवून विचारायला लागले की आमचा तुकडा कुठं बसवणार. आण्णांच्या घरून सोनेरी काठाचा संच आला. त्यांच्या पुण्याच्या बहिणीनं दिलेला, प्रवासात अर्धा फुटलेला. हा मधोमध बसला पाहिजे, अशी आण्णांची अट होती.

"मदोमदच बसंल, आण्णा," मिस्त्री म्हणाले. "येनाऱ्याजानाऱ्याला दिसंल आसा."

कामावर गिरजाबाई गारा वाहायची. ती गावाबाहेरच्या वस्तीतली. तिच्या वस्तीतल्या माणसांना हॉटेलात आत बसून चहा मिळत नसे. हॉटेलच्या बाहेरच्या भिंतीत एक कोनाडा होता, त्यात सात कप असायचे. आपला कप आपण घ्यायचा, वरून ओतलेला चहा उभ्यानं प्यायचा, कप विसळायचा आणि परत कोनाड्यात ठेवायचा. चुकून आतल्या कपांत मिसळू नयेत म्हणून हॉटेलवाल्यानं प्रत्येकाच्या बुडाला तेली रंगाचा लाल ठिपका दिला होता. मी रोज तिथं आत बसून चहा प्यायचो. कोनाडा मला दिसत होता आणि त्याबद्दल मी कधी चकार शब्द काढला नव्हता. हे आज लिहिताना लाज वाटते, म्हणूनच लिहितो.

एके दुपारी गिरजाबाई ते सातही कप पदरात घेऊन आली.

"आमच्या घरात चिनीचं काय न्हाई, मिस्त्रीबाबा," ती म्हणाली. "समदी पितळ हाय. पर हे आमचे हैत. हे घ्या सूर्याला."

हे हॉटेलातले आहेत, असं मी घाईघाईनं म्हणालो.

"हॉटेलवालाच रोज म्हंतो, तुमचे कप तुमी इसळा, तुमचे कप तुमी ठिवा. मंग आमचेच झाले की, भाऊसायेब."

मिस्त्रींनी सातही कप एकेक करून वाजवून पाहिले. सगळे धडधाकट होते. आपण फुटलेलंच घेतो, साबूत घेत नाही, असं त्यांनी तिला सांगितलं. मग आपली हातोडी तिच्याकडं सरकवली.

पहिल्या कपावर तिनं हातोडी अशी टेकवली, जसं झोपलेल्या पोराला उठवावं. नुसता कान तुटला. दुसरा जरा बरा फुटला. चौथ्यापर्यंत हात बसला, आणि सातवा फोडताना तिला असं हसू फुटलं की ती वाळूच्या ढिगावर बसली. मिस्त्री मधूनमधून सूचना देत होते, "बूड ऱ्हाऊ दे, बाय. बूड मला गोल पायजे." मी रस्त्यावर कुणी येतंय का बघत होतो. एक बूड उचलून मिस्त्रींनी लाल ठिपका अंगठ्यानं घासला. निघाला नाही.

"खाली गेला की झालं," ते म्हणाले.

हे कुठं बसवणार, असं मी विचारलं. ते म्हणाले, "तुमाला सांगितलं तर तुमी आण्णांना सांगाल." खरं होतं, म्हणून मला राग आला.

चार दिवसांत फरशी जवळजवळ पुरी झाली. ती मला नीट सांगता येणार नाही, पण प्रयत्न करतो. मधोमध कपांच्या पांढऱ्या बुडांचं फूल, एक मध्ये आणि सहा भोवती. त्याला आण्णांच्या सोनेरी काठाचं कडं. तिथून पिवळे, तपकिरी, निळे किरण निघून चारी भिंतींना भिडलेले. आणि भिंतीच्या कडेनं पुन्हा बुडांची माळ, गावातल्या सगळ्या घरांची. मिस्त्री ओणव्यानं शेवटचा किरण बसवत होते, तेवढ्यात आण्णा चार माणसं आणि हॉटेलवाल्याला घेऊन आले.

कोनाडा रिकामा पाहून हॉटेलवाल्याला आधी चोरी वाटली होती. मग गिरजाबाईनंच त्याला सांगितलं होतं की आम्ही ते वाचनालयाला दिले. आण्णा मनानं वाईट नव्हते. पण लोक म्हणायला लागले होते की त्या फरशीवर आम्ही पाय ठेवणार नाही, आणि उद्घाटन चार दिवसांवर आलं होतं. ते तुकडे काढा, नाहीतर सगळी फरशी उखडून कोबा करा, असं त्यांनी सांगितलं.

मिस्त्रींचा हात हवेतच थांबला. मी त्यांना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं, ते तेव्हा पाहिलं. चाळीस वर्षं पांढरं काम केल्यावर मिळालेला हा एक सूर्य होता, आणि तो सुकायच्या आधी निघणार होता. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"काडतो, आण्णा," ते म्हणाले. "पर उगं समदी कशाला उकडायची? तुमी बोट ठिवा, तेवडाच तुकडा काडतो. उद्या सकाळी आटला या."

ते गेल्यावर त्यांनी माझ्याकडं शिडी मागितली. दारावर अर्धगोल झरोका होता. त्यात बसवायच्या लाल, हिरव्या, पिवळ्या काचा कोपऱ्यात तरटात गुंडाळून पडल्या होत्या. त्या त्यांनी दिवस मावळायच्या आत बसवून टाकल्या. फरशी राहतेय की जातेय याचा पत्ता नाही आणि हा माणूस काचा बसवतोय, म्हणून मला त्यांची कीव आली.

सकाळी आठ वाजता आण्णांनी चपला बाहेर काढल्या, मागोमाग गावानं काढल्या. दार पूर्वेचं. झरोक्यातून ऊन थेट आत आलं होतं आणि फरशीवर लाल, हिरवं, पिवळं सांडलं होतं. पांढरा तुकडा इथं तांबडा दिसे, हातभर सरकलं की हिरवा. मला काचांचा अर्थ तेव्हा कळला. मिस्त्री भिंतीला टेकून, मांडीवर छिन्नी-हातोडी घेऊन, अगदी तयारीत बसले होते.

गाव ओणवं झालं. उंबऱ्याजवळ, कोपऱ्यांत, चपला काढायच्या जागी, पुस्तकांच्या कपाटाखाली जिथं झाकलं जाईल तिथं, सगळे शोधत होते. मीही शोधत होतो. मोठमोठी माणसं रांगत होती आणि एकमेकांच्या डोक्यावर आपटत होती. हॉटेलवाल्यानं उंबऱ्यापाशी एका बुडावर बोट ठेवलं आणि हाच म्हणून सांगितलं. लगेच हेडमास्तरांच्या पत्नी पुढं आल्या. तो आमचा आहे, म्हणाल्या, आमच्या ट्रेमधला, आणि तुम्ही त्याला त्यातला म्हणता? त्यानं बोट उचललं आणि शेजारच्या तुकड्यावर ठेवलं. तो पाटलांचा निघाला. ज्या तुकड्यावर बोट पडे त्याच्यासाठी एक घर उभं राही. आपला कप कोनाड्यातला ठरावा, हे कुणालाच नको होतं. तासाभरात गावानं आपल्या हातानं सगळी फरशी स्वतःची ठरवून टाकली.

"दावा, आण्णा, काडतो," मिस्त्री अधूनमधून म्हणत होते.

आण्णा गुडघा धरून उठले, सूर्याच्या मधोमध उभे राहिले आणि मला म्हणाले, "भाऊसाहेब, तुम्ही होतात तिथं. कुठले?"

"मला माहीत नाही, आण्णा," मी म्हणालो. ते खरंच होतं. माहीत असतं तर सांगितलं नसतं, असं म्हणायला मला आवडेल, पण तेवढी खात्री मला आजही नाही.

आण्णांनी पायाखालच्या आपल्या सोनेरी कड्याकडं पाहिलं. हा भाग तरी चोख आहे, याचं समाधान त्यांच्या तोंडावर दिसलं. राहू द्या, म्हणाले, सोमवारी उद्घाटन आहे. हॉटेलवाला पुटपुटत बाहेर पडला. मिस्त्रींनी बाहेर गाऱ्याजवळ उभ्या असलेल्या गिरजाबाईला हाक मारली.

"भुसा घिऊन आत ये, बाय. फरशी पुसायची हाय."

ती आत आली आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सगळा सूर्य तिनं पुसून काढला. त्या दिवशी मला मिस्त्रींचे पाय धरावेसे वाटले. धरले नाहीत, सरकार आडवं आलं.

एका फरशीनं गाव बदललं, असं मी सांगणार नाही. महिन्याभरात हॉटेलवाल्यानं नवे कप आणले आणि कोनाडा पुन्हा भरला. मिस्त्री मात्र गाव सोडीपर्यंत बाहेर उभ्यानं, कोनाड्यातल्या कपात चहा प्यायले. बूड वाजवून पाहत आणि हॉटेलवाल्याला ऐकू जाईल असं म्हणत, "हे बी चांगले हैत."

पुढच्या वर्षी दुष्काळ पडला. बांधकामाला पाणी कुठलं? मिस्त्री मला मिरजगावच्या रस्त्यावर, दुष्काळी कामावर खडी फोडताना भेटले. मला वाईट वाटलं. त्यांना काही वाटलेलं दिसलं नाही. "आता आमी मोठ्या बशा फोडतो, भाऊसाब," ते म्हणाले. बोलता बोलता त्यांचे हात काळी खडी एकीकडं, तांबूस एकीकडं लावत होते. मुकादम ओरडला तेव्हा त्यांनी दोन्ही ढीग मुकाट्यानं एकत्र केले. त्यानंतर माझी बदली झाली. ते गेल्याचं मला दोन वर्षांनी, एसटीत शेजारी बसलेल्या जामखेडच्या माणसाकडून कळलं.

निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी एका लग्नाला जाताना मी त्या गावात उतरलो. वाचनालयात गुळगुळीत नव्या टाइल्स बसत होत्या. सूर्य दाराशी ढिगारा होऊन पडला होता. मी मजुरांना विचारून त्या ढिगाशी बसलो आणि उंबऱ्याकडचे तुकडे उलटून पाहायला लागलो. मग कोपऱ्यातले, मग कपाटाखालचे. अर्धा तास गेला. एकावरही ठिपका नव्हता. लग्नाचा मुहूर्त टळत चालला होता.

तेवढ्यात एका मजुरानं मधली मोठी खपली बाहेर आणून टाकली. सोनेरी काठ अजून चमकत होता. त्याच कड्यावर आण्णांची खुर्ची त्यांच्या अखेरच्या दिवसांपर्यंत होती, असं मी ऐकून होतो. येणाऱ्याजाणाऱ्याला ते खुर्ची सरकवून दाखवायचे, हे आमच्या घरचे. मधलं बूड सैल झालं होतं, ते सुटून माझ्या हातात आलं. मी उलटलं. खाली लाल ठिपका, काल दिल्यासारखा. दुसरं काढलं, त्यालाही. एक मध्ये, सहा भोवती, सातही गिरजाबाईचे.

मला मिस्त्रींच्या धिटाईचं इतकं हसू आलं की मजूर बघायला लागले. मग हसू थांबलं. सगळं माहीत असून, इतकी वर्षं जाऊन, मीसुद्धा शोधायला सुरुवात उंबऱ्यापासूनच केली होती.