सुभाषरावांच्या अर्जावर मी काय लिहिलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच — तिच्याच भावाचं प्रकरण आहे. तुम्ही ना माझ्या गावचे, ना सोयरिकीतले, म्हणून तुमच्यापुढे तोंड उघडतोय. तेही धड उघडेल की नाही, कोण जाणे.

निलंग्याकडच्या एका लहान गावचा मी पोलीस पाटील. गावातलं बरंवाईट ठाण्याला कळवायचं, ठाण्यानं विचारलं तर लिहून द्यायचं, एवढंच माझं काम. एवढंच! आणि तेवढंही झालं नाही माझ्याच्यानं.

गेल्या महिन्यात ग्रामसभेत बंदुकीवरून जुंपली. आसपासच्या शेतातल्या घरांवर दोन-तीन दरोडे पडलेत, माणसं धास्तावलीत. एकजण उठून म्हणाला, "चोरापाशी कट्टा हाय, आन् आमच्यापाशी काय? काठी! पोलीस येऊस्तोवर माणूस मरून जातंय. घरटी लायसन द्या." मग मी उठलो. म्हणालो, गावात बंदुका आल्या की उद्या बांधाच्या भांडणात चाप ओढला जाईल, वरातीत हौसेनं बार काढताना कुणाचं तरी लेकरू जाईल. झकास बोललो. टाळ्या पडल्या. पुढेच सुभाषराव कांबळे बसले होते. त्यांना टाळी वाजवता येत नाही, उजवा हात मनगटातून वाकडा आहे. ते म्हणाले, "पाटील बरोबर बोलायलेत." स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली मला.

बोललो ते खोटं नव्हतं, याचीच तर चीड येते. बंदुकीनं गाव सुखी होत नाही, हे मला आजही पटतं. पण हे तत्त्व मला सापडलं कधी — सुभाषरावांच्या अर्जावर सही करायच्या आधी की नंतर? नंतर. माणसाला आधी भीती वाटते, मग तो तिच्यासाठी चांगलंसं कारण शोधत बसतो.

सुभाषराव लातूरला ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर गावाबाहेर आपल्या तीन एकरांत घर बांधून नवरा-बायको तिथं राहायला आले. चार वर्षांपूर्वी शिवारात बोअरच्या मोटारींची केबल चोरीला जाऊ लागली. चोरणारा कोण हे सुभाषरावांनी एका संध्याकाळी डोळ्यांनी पाहिलं, आणि ज्याची केबल गेली त्याला सरळ सांगून टाकलं. चोरणारा माझा मेहुणा होता. दुसऱ्या दिवशी तो दोन सोबती घेऊन त्यांच्या अंगणात गेला आणि हातपाय मोडायची धमकी देऊन आला. जाताना जातीवरूनही बोलला.

सुभाषराव ठाण्यात गेले नाहीत. आधी माझ्याकडे आले. मी म्हणालो, "कशाला ठाण्याची पायरी चढता? मी बघतो." काय बघितलं मी? मेहुण्याला एका शब्दानंही विचारलं नाही. आपला तो बाब्या — दुसरं काय? सणावाराला एका पंगतीत बसायचं, बायकोचं तोंड बघायचं. मी गप्प राहिलो, आणि गप्प राहणं म्हणजे समजूतदारपणा अशी स्वतःचीच समजूत घातली.

महिनाभर वाट पाहून त्यांनी बंदुकीच्या परवान्यासाठी अर्ज केला. आणि त्यात त्यांनी मेहुण्याचं नाव घातलंच नाही. "अज्ञात चोरट्यांपासून धोका" एवढंच लिहिलं. का? तर पाटलाच्या घरची बदनामी नको. धमकी कुणी दिली, कधी दिली, ते चौकशीला पोलीस आले की पाटील सांगतीलच, असा त्यांचा भरवसा. साराच अर्ज त्यांनी माझ्या भरवशावर सोडला होता.

चौकशीला ठाण्यातून जमादार आले. माझ्या ओसरीवर बसूनच त्यांनी माझा अभिप्राय मागितला. मी आत जाऊन चष्मा आणला, खाली बसलो आणि लिहिलं: सदर इसमाच्या जीवितास धोका असल्याचे माझ्या माहितीत नाही. हत्यार दिल्यास गावच्या शांततेस बाधा येऊ शकते. खाली सही, शिक्का.  अक्षर नेहमीपेक्षा चांगलंच आलं होतं.

अर्ज नामंजूर झाला. त्यानंतर दोन महिन्यांनी, भर दुपारी, तोंडाला फडकी बांधून तिघेजण त्यांच्या शेतात शिरले. लोखंडी गजानं त्यांचा उजवा हात मनगटापाशी ठेचून काढला. बायको मधे पडली, तिलाही मारलं. ओळख पटली नाही, असं जबाबात आलं. मला कुणाची ओळख पटवून घ्यायची गरजच नव्हती. तरी मी गप्पच.

बंदूक असती तर हात वाचला असता का? माहीत नाही. कदाचित त्यांच्या हातून खून झाला असता, कदाचित त्या तिघांनी बंदूकच हिसकावून घेतली असती. यावर लोकांनी खुशाल वाद घालावा. पण या माणसाला धोका आहे, अमक्यापासून आहे, एवढं मी त्या कागदावर लिहिलं असतं तर मेहुण्याला ठाण्यात बोलावणं आलं असतं. बंदुकीची गरजच पडली नसती. ते एक वाक्य मला माहीत होतं, आणि मी त्याच्या उलट लिहिलं.

त्यांना बघायला मी लातूरच्या दवाखान्यात गेलो होतो. हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, ओठ सुकलेले. मला बघून उठायला लागले. मग म्हणाले, "तुमी तर लिवलंच असंल पाटील. वरच्यांनीच न्हाई दिलं."

मी म्हणालो, "हाव. लिवलं होतं म्या."

त्यांच्या बायकोचे डोळे भरून आले. तिनं खालून माझ्यासाठी चहा मागवला. मी तो सगळा प्यालो.