भरलेला डबा परत आला

माझ्या डब्याची कीव करणाऱ्यांचा मला तेव्हाही राग यायचा आणि आजही येतो. "बिचारी, रोज नाचणीची भाकरी खायची," असं कुणी म्हटलं की वाटतं, ती भाकरी त्यांच्या पुढ्यात मोडून ठेवावी आणि म्हणावं, आधी खा, मग बोल. काळी तर काळी. पोटात गेल्यावर दिवा लावून रंग कोण बघतं?

नव्वदीच्या अखेरीची गोष्ट. आमचं गाव तळेघरच्याही वरच्या अंगाला. दहावीपुढचं शिकायचं तर घोडेगावला खोली घेऊन राहायला हवं. वडील मुंबईला हमालीला, त्यामुळे घरात शब्द चालायचा तो थोरल्या चुलत्यांचा. त्यांना आम्ही सगळे नाना म्हणायचो. नाना वाईट नव्हते. पण पोरीची जात खाली एकटी राहणार, हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं.

"ऱ्हायचं सोड, खायचं काय?" नाना म्हणाले. "खानावळ आपल्याला झेपायची न्हाई."

आई थोरल्या दिरांशी समोरासमोर बोलायची नाही. पदर पुढे ओढून ती चुलीकडे तोंड करून म्हणाली, "डबा जाईल गाडीनं. माझं हात काय मोडल्यात व्हय?"

"आन् गाडी नाय आली म्हंजी?" नाना माझ्याकडे वळले. "ऐक. एक दिस जरी उपाशी ऱ्हायलीस, तर मी येऊन घेऊन जाईन. मंग रडायचं न्हाई."

"उपाशी राहिले तर न्या," मी म्हणाले. ठरलं.

आमच्या भागात डबे गाडीनेच जायचे. पहाटेच्या गाडीत आई डबा द्यायची. स्टँडसमोरच्या चहावाल्याच्या फळीवर तो उतरायचा, दुपारच्या सुट्टीत मी घ्यायचे आणि धुतलेला डबा संध्याकाळच्या गाडीने वर जायचा. डबा रिकामा पाठवायचा नसतो, ही आमच्याकडची रीत. मग मी त्यात काहीतरी टाकायचे. कधी खडीसाखरेचा खडा, कधी आवारात पडलेला पेरू, काहीच नसलं तर तुळशीची दोन पानं. तेवढ्यावरून आईला कळायचं, की पोरगी जेवली, पोरगी बरी आहे.

डब्यात काय असायचं? नाचणीची भाकरी. आई पीठ उकळत्या पाण्यात भिजवायची, म्हणून ती दुपारपर्यंत मऊ राहायची. सोबत खुरासणीची, म्हणजे कारळ्यांची, चटणी: खुरासणी खमंग भाजायची, लसूण, मिरची, मीठ घालून कुटायची. एखादा कांदा, नाहीतर हुलग्याची घट्ट उसळ. विकतचं म्हणाल तर मीठच. वर्गातली एक मुलगी स्टँडवरून कागदात बांधलेला वडा आणायची. पहिल्याच दिवशी माझ्या डब्यात डोकावून ती म्हणाली, "अगं बाई, हे काय जळलंय?"

"तू नको हात लावू, बोटं काळी होतील," मी म्हणाले.

दिवाळीच्या आत तिची बोटं रोज माझ्या चटणीत होती. मी एकदाही नको म्हटलं नाही, पण तिने वडा पुढे केला तरी तो कधी घेतला नाही. खोड ती खोडच.

गाडी चुकली तर काय, याची तयारी आईने उन्हाळ्यातच केली होती. नाचणी भिजवून फडक्यात बांधायची, मोड आले की सावलीत वाळवायची, भाजायची आणि जात्यावर दळायची. त्यात भाजलेल्या हुलग्यांचं पीठ, शेंगदाण्याचं कूट आणि गूळ घालून लाडू. उरलेलं पीठ कोरडंच ठेवायचं. खोलीत स्टो पेटवायचा नाही अशी घरमालकिणीची अट होती, म्हणून आईने असंच सगळं केलं होतं की ज्याला आच लागू नये. ताकात चमचाभर पीठ कालवलं, मीठ टाकलं, की पोटाला आधार. हा सगळा ऐवज पत्र्याच्या एका मोठ्या डब्यात माझ्या कॉटखाली असायचा. "ह्यो डबा गाडी नसंल तवाचा," आई म्हणायची. "उगा तोंड चाळवायला उघडू नको."

बारावीच्या पावसाळ्यात एक दिवस प्रॅक्टिकल लांबलं. सकाळी आत गेलो ते दिवेलागणीलाच बाहेर आलो. बाहेर पाऊस असा की समोरचं झाड दिसत नव्हतं. स्टँडवर पोचले तर फळीवर डबा नाही. चहावाल्याला वाटलं होतं की मी जेवून डबा ठेवून गेले. घाईत त्याने तो तसाच संध्याकाळच्या गाडीत दिला होता.

पोटात कावळे ओरडत होते, पण मला भुकेची काळजी नव्हती. भरलेला डबा घरी पोचणार होता. आमच्या रीतीने त्याचा अर्थ एकच: खाणारं माणूस जाग्यावर नाही. आमच्या गावात फोन नव्हता. मी खोलीवर आले, पत्र्याचा डबा ओढला, दोन लाडू खाल्ले, पीठ पाण्यातच कालवून प्यायले आणि अभ्यासाला बसले. एक अक्षर डोक्यात गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर दरड आली, गाडी बंद. कॉलेजलाही सुट्टी दिली. दुपारी दारात नाना उभे. अंगावर घोंगडी, तिच्यातून पाणी निथळतंय, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे. पहाटेच निघून डिंभ्यापर्यंत ते चालत आले होते, तिथून जीपने. घोंगडीच्या आतून त्यांनी माझा डबा काढला आणि खाली ठेवला. डबा मात्र कोरडा होता.

"भाकर परत का आली?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, पण मन हललं नाही. "काल भाकर न्हाई, आज गाडी न्हाई. म्हंजी दोन दिस तू उपाशी. चल, बॅग भर."

"आधी जेवा, नाना."

"मी काय जेवाया आलोय व्हय?"

पण ते बसले. उभं राहायचं त्राणच नव्हतं. मी घरमालकिणीकडून वाटीभर ताक मागून आणलं. कालची भाकरी ताठ झाली होती, ती ताकात कुस्करली. वर खुरासणीची चटणी. कॉटखालून पत्र्याचा डबा ओढून त्यांच्यासमोर उघडला. निम्म्याच्या वर लाडू होते, पिठाची पिशवी होती. ताट त्यांच्याकडे सरकवलं आणि मीही शेजारी बसून लाडू खायला लागले, अगदी त्यांच्या डोळ्यांदेखत.

"उपाशी राहिले तर न्यायचं ठरलं होतं," मी म्हणाले. "मी काल जेवले. आज जेवतेय. उद्याचंही आहे. मी येणार नाही, नाना. तुम्ही ओढून न्याल तर परत येईन, चालत."

नाना खात होते. भुकेलं माणूस खातं तसं, खाली मान घालून. ताट पुसून झाल्यावर त्यांनी एक लाडू उचलला, हातात फिरवला.

"ह्यो तुझ्या आईनं केला?"

"हो."

"मला कदी दिला न्हाई."

मला हसू आलं आणि रडूही. मी डबा धुतला, पुसला आणि त्यात लाडू भरायला लागले. माझ्याच शिलकीतले होते, पण हात आखडला नाही. झाकण लावून डबा त्यांच्या हातात दिला.

"आता हे काय?"

"रिकामा पाठवायचा नसतो."

त्यांनी ओली घोंगडी पुन्हा खांद्यावर घेतली. दाराशी थांबले, माझ्या बॅगेकडे बघितलं. बॅग भिंतीला टेकून होती तशीच होती. "गाडी सुरू झाली की डबा येईल," एवढंच म्हणाले आणि गेले. रात्री डिंभ्याला पाहुण्यांकडे थांबून दुसऱ्या दिवशी वर चढले.

पुढचं आईने सांगितलं. ती दोन दिवस दारातच होती. नाना बांधावरून वर येताना दिसले, तेव्हा तिने आधी त्यांच्या मागे बघितलं. मागे कुणी नव्हतं. मग तिने त्यांच्या हातातला डबा घेतला, हलवून बघितला, आत लाडू वाजले; झाकणही उघडलं नाही आणि आत जाऊन जात्यावर नाचणी दळायला बसली.